अपग्रेडनंतर मशीन तापतंय आणि बंदही पडतंय: हे दोन आजार आधी वेगळे करा

अकोल्याहून एका व्हिडिओ एडिटरनं विचारलंय. ते लग्नाचे व्हिडिओ घरीच एडिट करतात. मशीन २०१९ सालचं: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ८-८ जीबीच्या दोन रॅम. गेल्या महिन्यात त्यांनी रायझन ७ ५८००एक्स टाकला, सेकंडहँड आरटीएक्स ३०७० घेतलं आणि वेगळ्या कंपनीच्या ८-८ जीबीच्या आणखी दोन रॅम लावल्या. प्रोसेसरवरचा पंखा जुनाच, ३६०० च्या खोक्यात आलेला. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, तोही जुनाच, ५५० वॅटचा. यूपीएस ६०० व्हीएचा. आता रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावल्याबरोबर तापमान ९० अंशांवर जाऊन थांबतं, पंखा किंचाळतो आणि दहा-पंधरा मिनिटांत मशीन झटकन बंद होतं. मधूनच निळी स्क्रीन येते. दुकानदार म्हणतो लिक्विड कूलर बसवा, नऊ हजार. बसवू का?

अजून बसवू नका. त्याआधी एक गोष्ट, आणि ती आजच करा: या मशीनमधून कॅमेऱ्याची कार्डं कॉपी करून फॉरमॅट करणं ताबडतोब थांबवा. तुमच्या वर्णनावरून रॅम संशयाच्या घेऱ्यात आहे. रॅम चुकत असेल तर कॉपी होताना फाइल मधेच बिघडते आणि विंडोज तुम्हाला एक शब्दही सांगत नाही. रेंडर पुन्हा करता येतो, लग्न पुन्हा होत नाही. मशीन तपासून होईपर्यंत कार्डं तशीच ठेवा, किंवा घरातल्या लॅपटॉपवरून हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. हातात आलेल्या पाच-सहा मशीनमध्ये तरी मी हे पाहिलंय, की मालक बंद पडण्याची तक्रार घेऊन आला आणि नंतर कळलं की महिनाभराच्या फोटोंमध्ये आडव्या पट्ट्या आल्यात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही ‘तापतंय म्हणून बंद पडतंय’ असं गृहीत धरलंय. दुकानदारानंही तेच धरलं. माझ्या मते तुमच्याकडे एक नाही, तीन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्या एकाच दिवशी सुरू झाल्या एवढाच त्यांचा संबंध. तापमान ही एक. झटकन बंद पडणं ही दुसरी, तिचं मूळ बहुतेक विजेत आहे. निळी स्क्रीन ही तिसरी, ती बहुतेक रॅमची. लिक्विड कूलरनं पहिली बरी होईल. बाकीच्या दोन तशाच राहतील, आणि तुम्ही नऊ हजार घालून पुन्हा तिथंच याल.

असं का म्हणतो ते सांगतो. आजचा कुठलाही प्रोसेसर तापला की लगेच बंद पडत नाही. ५८००एक्सची कमाल मर्यादा ९० अंश आहे. तिथं पोचला की तो स्वतःचा वेग आणि व्होल्टेज उतरवतो आणि ९० ला धरून बसतो. काम मंदावतं, पण चालू राहतं. मशीन ताडकन बंद करणारी शेवटची सुरक्षा त्याच्या बरीच वर आहे, आणि तिथवर तापमान जातं ते कूलर नीट टेकलेलाच नसेल किंवा पंखाच फिरत नसेल तेव्हा. तुमचा आकडा ९० वर जाऊन थांबतोय, पुढे पळत नाहीये. म्हणजे प्रोसेसर स्वतःला सांभाळतोय आणि बंद पाडणारं दुसरंच कोणीतरी आहे.

विजेचा हिशेब मांडून बघा, कागदावर. जुना ३६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर, आणि प्रत्यक्षात मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून त्याला ८८ वॅटपर्यंत ओढायची परवानगी असते. जीटीएक्स १६५० चं ७५ वॅटवर भागतं. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५० धरा. झाले २१३. एसएमपीएसमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरून भिंतीतून साधारण २५० वॅट. आता नवं मशीन: ५८००एक्सवर १०५ वॅट छापलेलं असलं तरी त्याची खरी मर्यादा १४२ आहे. आरटीएक्स ३०७० चे २२०. बाकीचे ५०-६०. झाले ४२० च्या आसपास, आणि भिंतीतून ४८० च्या घरात. वर मॉनिटर.

६०० व्हीएच्या यूपीएसची पाठ बघा. त्यावर बारीक अक्षरात वॅट लिहिलेले असतात आणि घरगुती यूपीएसवर तो आकडा बहुतेक ३६० असतो. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. जुनं मशीन त्यावर आरामात चाललं, नवं त्याच्या आवाक्याबाहेर आहे. लाइट असताना हा यूपीएस बाहेरची वीज तशीच पुढे ढकलतो, म्हणून काही वेळ निभावतं. पण दुपारी गल्लीतले सगळे कूलर आणि एसी चालू झाले, व्होल्टेज खाली आलं, की यूपीएस क्षणभर बॅटरीवर जातो. त्या क्षणी ३६० वॅटच्या इन्व्हर्टरवर ४८० वॅटचा भार पडतो आणि तो हात वर करतो. तुम्हाला दिसतं काय? रेंडर चालू होता, मशीन तापलेलं होतं, बंद पडलं. म्हणून दोष तापण्यावर जातो.

हे पडताळायला एक रुपयाही लागत नाही. पुढच्या वेळी मशीन बंद पडेल तेव्हा आधी मॉनिटरकडे बघा. मॉनिटर त्याच यूपीएसवर असेल आणि तोही काळा पडून त्याचा दिवा गेला, यूपीएसनं बीप केलं, तर गुन्हेगार यूपीएस. मॉनिटर चालू राहिला आणि त्यावर ‘नो सिग्नल’ आलं, तर यूपीएस निर्दोष, दोष कॅबिनेटच्या आत शोधायचा. मग दुसरं बघा: मशीन बंद पडून बंदच राहिलं, बटण दाबूनही उठेना, मागचा खटका बंद करून चालू केल्यावरच उठलं? तर एसएमपीएसची सुरक्षा पडतेय. की बंद पडून स्वतःच पुन्हा सुरू झालं? तर वीज क्षणभर डळमळली, किंवा प्रोसेसरनंच चूक पकडून स्वतःला रिसेट केलं. एवढ्या दोन निरीक्षणांत निम्मं निदान होतं. मला मशीन आणून देणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि दहातल्या आठ जणांनी ते पाहिलेलंच नसतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, तुम्हाला ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद दिसेल. ती बघून लोक एसएमपीएस बदलायला पळतात. त्या नोंदीचा अर्थ फक्त इतकाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. तपशिलात ‘बगचेक कोड’ बघा. तो ० असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज गेली किंवा रिसेट झालं. तिथं दुसरा आकडा असेल तर ती निळी स्क्रीन होती, ती वेगळी तक्रार. त्याच वेळेच्या आसपास ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, नोंद आहे का तेही पाहा. ती असेल तर प्रोसेसर, त्याचं व्होल्टेज किंवा रॅमची सेटिंग या दिशेनं जायचं.

आता कामाला लागू. एक जाड वही घ्या. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, काय बदललं, काय झालं, एवढंच लिहायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे सांगायला सोपं आणि पाळायला फार अवघड आहे, कारण कॅबिनेट उघडलं की हात शिवशिवतात: प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्टही बदलू, रॅमही काढून लावू, वायरही हलवू. मग मशीन नीट चालतं आणि कशामुळे ते कधीच कळत नाही. महिन्यानं तीच तक्रार परत येते. एका दवाखान्याच्या मशीनवर माझं हेच झालं होतं. घाईत मी एसएमपीएस आणि रॅम दोन्ही एकदम बदलले, आठवडाभर चाललं, पुन्हा बंद. खरा दोष भिंतीतल्या सैल सॉकेटचा होता आणि मशीन हलवल्यामुळे पिन तेवढे दिवस घट्ट बसली होती. त्या डॉक्टरांचे पैसे मी परत केले आणि तेव्हापासून वही ठेवतो.

पहिली पायरी: नव्या दोन्ही रॅम काढून ठेवा. जुन्या दोन प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या मेनूत, जाऊन सगळं डीफॉल्टवर आणा, म्हणजे एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवणारी तयार सेटिंग) बंद, ओव्हरक्लॉकिंग बंद. बायोसला हात लावण्याआधी एक बघा: विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज की मागून अडून बसेल. मग मशीन यूपीएसवरून काढून थेट भिंतीच्या तीन पिनी सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेंशन बोर्डही मधे नको. ही तुमची पायाभूत स्थिती. इथून पुढे एकेक गोष्ट परत जोडत जायचं.

दुसरी पायरी म्हणजे तीन चाचण्या, प्रत्येकी अर्धा तास. आधी फक्त प्रोसेसरवर भार: सिनेबेंच लावा, किंवा ओसीसीटीमधली सीपीयूची चाचणी. मग फक्त ग्राफिक्स कार्डावर भार. मग दोन्हींवर एकदम. शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं ठेवा आणि चार ओळींवर नजर ठेवा: प्रोसेसरचं तापमान, त्याची पॅकेज पॉवर (तो ओढतोय ते वॅट), कोअरचा वेग आणि ग्राफिक्स कार्डाचं हॉटस्पॉट, म्हणजे त्याच्या चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं तापमान. प्रोसेसर एकटा टिकला, कार्ड एकटं टिकलं आणि दोन्ही मिळून पडलं, तर दोष तापमानाचा नाही, वीजपुरवठ्याचा आहे. एकट्या कार्डावरच पडलं तर कार्ड किंवा त्याच्या वायरी. एकट्या प्रोसेसरवर पडलं तर प्रोसेसर, बोर्ड, कूलर या बाजूला वळायचं.

कार्डाच्या वायरींबद्दल जरा थांबून सांगतो. तुमच्या ३०७० ला ८ पिनांची दोन कनेक्शनं असतील तर दोन्हींना एसएमपीएसपासून स्वतंत्र वायर द्या. एकाच वायरीला पुढे दोन तोंडं असतात, तिनं दोन्ही भोकं भरता येतात म्हणून लोक भरतात. स्टिकरवर २२० वॅट असलं तरी हे कार्ड काही मिलिसेकंदांपुरती त्याच्या बरीच वर उडी मारतं. जुना, पाच-सहा उन्हाळे खाल्लेला ५५० चा एसएमपीएस तिथंच दचकतो. एनव्हिडियानं या कार्डासाठी ६५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस केली आहे. आणि नवा एसएमपीएस घेतलात तर जुन्याच्या मॉड्युलर, म्हणजे दोन्ही टोकांनी सुटणाऱ्या, वायरी नव्याला कधीही लावू नका. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कसलाही समान नियम नाही. कनेक्टर आत बसतो, आणि १२ व्होल्ट भलत्याच पिनेत जाऊन डिस्क आणि बोर्ड दोन्ही जातात.

तापमानाकडे वळू. तुमचा जुना कूलर ३६०० सोबत आला तो अगदी ठेंगणा, ॲल्युमिनियमचा. ६५ वॅटच्या प्रोसेसरला तो पुरतो. ५८००एक्सच्या खोक्यात कंपनीनं कूलर दिलेलाच नव्हता, कारण देण्यासारखा छोटा कूलर त्याला पुरत नाही. शिवाय या प्रोसेसरची एक अडचण आहे. वरचं झाकण मोठं दिसतं, पण उष्णता निघते ती आतल्या सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एका तुकड्यातून, आणि तो झाकणाच्या मध्यावरही नाही. करंगळीच्या नखाएवढ्या जागेतून शंभराच्या वर वॅट बाहेर काढायचे. म्हणून याच्यावर भलामोठा कूलर लावला तरी पूर्ण भारावर तो ८० च्या घरात दिसतो. तो दोष नाही.

याचं औषध आधी बायोसमध्ये आहे, तेही फुकट. पीबीओच्या मेनूत, म्हणजे प्रोसेसरच्या वीज-मर्यादांच्या मेनूत, मर्यादा हातानं द्या: पीपीटी (एकूण वीज) ८८ वॅट, टीडीसी (सलग करंट) ६० अँपिअर, ईडीसी (क्षणिक करंट) ९० अँपिअर. काही बोर्डांवर हेच ‘इको मोड ६५ वॅट’ या नावानं एका टिचकीत मिळतं. रेंडर थोडा मंदावेल, पण तापमान भरभक्कम उतरेल. मी ज्या मशीनवर हे केलं तिथं १५ अंशांच्या आसपास फरक पडला. हा जुगाड नाही. २०२२ साली एएमडीनं ५७००एक्स आणला तोही ८ कोअरचाच, ६५ वॅटमध्ये बसवलेला. आणि तुमचा प्रोसेसर आत्ता ९० ला अडून तसाही वेग कमी करतोच आहे, त्यामुळे प्रत्यक्ष रेंडरच्या वेळेत तुम्हाला फारसा तोटा दिसणार नाही. वर भिंतीतून ६० वॅट कमी ओढले जातील, ते वेगळंच.

तरी नवा कूलर घ्याच, पण १२० मिलिमीटर पंख्याचा, चार-पाच तांब्याच्या नळ्यांचा साधा टॉवर. लिक्विडच्या निम्म्याहून कमी किमतीत येतो, पंप बिघडायची भीती नाही, आणि दहा वर्षांनी फक्त पंखा बदलला की झालं. एक इशारा: जुना ठेंगणा कूलर खाली फुंकतो, त्यामुळे सॉकेटभोवतीच्या व्हीआरएमना, म्हणजे प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागांना, आपोआप वारा मिळतो. टॉवर आडवा फुंकतो. स्वस्त बी४५० बोर्डावर व्हीआरएमवर हीटसिंकच नसतो. टॉवर लावल्यावर प्रोसेसरचं तापमान सुंदर ७० दिसतं, पण वेग मधेच धाडकन पडतो आणि परत येतो, असं झालं तर तेच भाजतायत. मागच्या जाळीवर बाहेर फेकणारा एक पंखा लावला की बहुतेक वेळा सुटतं.

जुना कूलर काढताना सांभाळा, इथं लोक हमखास फसतात. तुमच्या बोर्डावरच्या एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात आणि खटका बंद असला तरी सॉकेट त्याला फार घट्ट धरत नाही. वाळलेली पेस्ट गोंदासारखी चिकटते. कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं रेंडर लावून प्रोसेसर गरम करा, मशीन बंद करून वायर काढा, चारही स्क्रू थोडे थोडे करून तिरके-समोरासमोर सैल करा, आणि मग कूलर हलक्या हातानं डावीकडे-उजवीकडे फिरवा. बरणीचं घट्ट झाकण फिरवतो तसं. पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं, एकदम तेलकट घसरल्यासारखं. तेव्हाच उचला. बोर्ड उभा असेल तर स्क्रू निघताच मागची पट्टी खाली पडते. कॅबिनेट आडवं ठेवून काम करा.

उचलल्यावर लगेच पुसू नका. कूलरच्या तळावर पेस्टचा जो ठसा उमटलाय तो वाचा. मधे राखाडी, इतका पातळ की खालचा धातू दिसतो आणि कडेला जाड वळ, तर दाब बरोबर होता. एका कोपऱ्यात पातळ आणि समोरच्या कोपऱ्यात लोण्यासारखा गोळा, तर एक बाजू नीट आवळलीच नव्हती. ठशावर पारदर्शक चमक दिसली तर बोट फिरवून बघा. नव्या कूलरच्या तळावर एक प्लॅस्टिकची पातळ पट्टी येते आणि ती तशीच ठेवून बसवलेले कूलर मी दरवर्षी काढतो. नवी पेस्ट झाकणभर पसरेल एवढी घाला: मधे एक मोठ्या वाटाण्याएवढा थेंब आणि चार कोपऱ्यांना चार बारीक ठिपके. जास्त झाली तर कडेनं बाहेर येते, तेवढंच. कमी पडली तर तो मध्याबाहेरचा तुकडाच उघडा राहतो.

मग कॅबिनेट. पुढं काच असलेलं दिसायला देखणं कॅबिनेट असेल तर पुढचे पंखे त्या काचेआड गुदमरतात. तपासायची रीत सोपी: भार लावून आकडा स्थिर होऊ द्या, वहीत लिहा, मग बाजूचं पॅनेल काढा आणि दहा मिनिटांनी पुन्हा लिहा. पाच-सात अंश किंवा जास्त उतरले तर हवेचा रस्ता बंद आहे. जवळजवळ काहीच फरक नाही तर दोष कूलरच्या टेकण्यात आहे, पंखे वाढवून उपयोग नाही. पंखा कुठल्या दिशेला फुंकतो हे ओळखायचं तर ज्या बाजूला प्लॅस्टिकच्या आडव्या काड्या असतात तिकडून हवा बाहेर पडते. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला पाठ लावून मशीन ठेवलं असेल तर आधी ते बाहेर काढा, मग बाकीचं बोलू.

आणि अकोला. हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा अमुक अंश वर ठेवतो, त्याच्या खाली नेऊ शकत नाही. लिक्विड कूलरसुद्धा शेवटी खोलीचीच हवा वापरतो. खोली १० अंशांनी तापली की आतलं सगळं साधारण तेवढ्यानंच वर सरकतं. इंटरनेटवर कुणी २२ अंशांच्या खोलीत ६८ मोजले म्हणून तुम्हाला मे महिन्यात ते मिळणार नाहीत, आणि न मिळाल्याचं दुःख मानू नका. म्हणून वहीत खोलीचं तापमान लिहायचंच. खोलीत पाण्याचा कूलर असेल तर चालू ठेवा, दमट हवेनं मशीनचं बिघडत नाही, कारण मशीन हवेपेक्षा गरम असतं आणि त्यावर दव धरत नाही. फक्त त्याच्या थेट झोतात ठेवू नका. झोतातून तुषार येतात, ते वाळले की क्षारांचा पांढरा थर बोर्डावर बसतो, आणि त्यात धूळ मिसळली की तो ओला झाल्यावर वीज वाहून नेतो.

सेकंडहँड ३०७० चं वेगळं बघा. भारावर त्याचं साधं तापमान आणि हॉटस्पॉट यांत १२-१५ अंशांचा फरक नेहमीचा. २५-३० दिसला तर आतली पेस्ट सुकली आहे. त्याचे सगळे पंखे फिरतायत का ते डोळ्यांनी पाहा, आकड्यावर विसंबू नका. काही काळ आफ्टरबर्नर या कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करा: व्हिडिओच्या कामात फरक किरकोळ जाणवतो आणि ४४ वॅट वाचतात. तेवढ्यानं बंद पडणं थांबलं, तर तेही विजेच्या बाजूचाच पुरावा आहे.

आता रॅम, म्हणजे निळ्या स्क्रीनची तक्रार. चार खाचा आहेत म्हणून चार रॅम सारख्याच वेगानं चालतील असं नसतं. एएमडीचं या प्रोसेसरसाठीचं स्वतःचं माप असं: दोन रॅम असतील तर ३२००. चार असतील तर एकेरी रँकच्या (चिपांचा एकच गट असलेल्या) २९३३, दुहेरी रँकच्या २६६७. त्यावर चाललं तर नशीब, हक्क नव्हे. तुम्ही वर दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोड्या मिसळल्यात, आणि एक्सएमपी चालू असेल तर ते दोनच रॅमच्या हिशेबानं लिहिलेलं असतं.

पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाकून त्यावरून मशीन सुरू करा. आधी जुनी जोडी, डीफॉल्टवर, रात्रभर. मग फक्त नवी जोडी. मग चारही, डीफॉल्टवर. मग चारही, हातानं २९३३ देऊन. प्रत्येक वेळी चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. रॅमच्या बाबतीत ‘एकच एरर आली’ असं काही नसतं, एक आली तरी ती नापास. एखादी जोडी एकटी असतानाही चुकत असेल तर काढून सोनेरी पट्टी मऊ पांढऱ्या खोडरबरानं हलकेच पुसा, भुकटी पूर्ण झटका आणि पुन्हा लावा. तरी चुकली तर बदलून घ्या, वॉरंटी बहुतेक असतेच. दोन्ही जोड्या वेगवेगळ्या पास आणि एकत्र नापास, तर त्या बिघडलेल्या नाहीत, जुळत नाहीत. २६६७ वर उतरून चालत असतील तर तशाच चालवा. व्हिडिओच्या कामाला ३२ जीबी २६६७ वर हे १६ जीबी ३२०० पेक्षा कितीतरी बरं. पुढे कधी पैसे आले की दोन्ही जोड्या विकून १६-१६ ची एक जोडी घ्या.

रॅम पास होईपर्यंत बायोस अपडेट करू नका. अपडेट करायला हवंच, बी४५० वर ५००० मालिकेसाठी नंतरच्या आवृत्त्यांत बरीच दुरुस्ती झाली आहे, पण चुकणाऱ्या रॅमवरून बायोस लिहिणं म्हणजे बोर्ड गमावण्याची तयारी. आणि हे एकच काम मात्र यूपीएसवर करा. बायोसच्या पडद्यावर मशीन फार वीज ओढत नाही, त्याला तुमचा ६०० व्हीए पुरतो, आणि मधेच लाइट गेली तर तोच वाचवेल.

कॅबिनेटच्या कडेला हात लागला की मुंग्या येतात का, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण बघा. येत असतील तर घराचं अर्थिंग नाही किंवा एक्स्टेंशन बोर्डात तिसरी वायरच जोडलेली नाही. मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजायला इलेक्ट्रिशियनला सांगा. दोन-तीन व्होल्ट ठीक, वीस-तीस दिसले तर आधी ते काम. यूएसबीची डिस्क मधेच सुटते, ऑडिओत घरघर येते, या तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथं सापडतं, आणि तुमच्या जिवाचाही प्रश्न आहे.

पैसे कुठल्या क्रमानं घालायचे ते सांगतो. दोन-तीन आठवडे इको मोड, कार्डाला ८० टक्के आणि थेट भिंतीतलं सॉकेट यावर फुकट चालवून बघा. सीझन निघून जाईल. मग ६५० किंवा ७५० वॅटचा चांगला एसएमपीएस. मग टॉवर कूलर. मग किमान ६०० वॅट देणारा यूपीएस, साधारण १००० व्हीएच्या पुढचा, पण घेताना पाठीवरचे वॅटच वाचा. नव्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे भिंतीतून वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट, असतं आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींवर त्यातले काही अडतात, म्हणून दुकानातच प्लग काढून, भार लावून दाखवायला सांगा. दोन्ही एकाच दुकानातून घेतलेत तर तो दाखवेल.

आणि सगळं झाल्यावरची चाचणी रात्री गारव्यात घेऊ नका. भर दुपारी तीन वाजता, पॅनेल बंद करून, तुमच्याच एखाद्या जुन्या लग्नाचा तीन तासांचा प्रोजेक्ट रेंडरला लावा आणि दर पंधरा मिनिटांनी वहीत आकडा लिहा. तो पूर्ण झाला, एचडब्ल्यूइन्फोच्या तळाशी डब्ल्यूएचईएच्या ओळीत ० राहिलं आणि तयार झालेली फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालली, की कॅमेऱ्याची कार्डं या मशीनला लावायला हरकत नाही. मधे कुठं अडलं तर वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवा, मी बघतो.